विकतचा एकांत आणि लादलेला अंधार

फाल्गुन लागतो न लागतो तोच उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधली पत्र्याची छपरे तापू लागतात. जुन्या लष्करी बरॅकींच्या जागेवर दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गाळ्यांत आणि पोटमाळ्यांवर शिवणयंत्रे चालू असतात. नगावर मजुरी घेणारा कारागीर घामाने भिजलेला असतो. वीज गेली की पंखा थांबतो, यंत्र थांबते आणि मजुरीही थांबते. नेमक्या ह्याच दिवसांत कल्याण, बदलापूर, मुरबाड ह्या पट्ट्यात एका नव्या सुखाच्या जाहिराती झळकू लागतात. डोंगराच्या कुशीत एकटे लाकडी घर, शेजारी वस्ती नाही, डोक्यावर विजेची तार नाही, रात्री कंदील आणि चांदणे, सकाळी पळसाचा आणि पांगाऱ्याचा बहर! ह्या प्रकाराला 'ऑफ-ग्रिड' असा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. सरकारी वीजपुरवठ्याच्या जाळ्याशी न जोडलेले घर, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्यापाशी थोडे पैसे आहेत तो असे घर दोन रात्रींपुरते भाड्याने घेतो. ज्याच्यापाशी पुष्कळ आहेत तो डोंगरउतारावर काही गुंठे जमीनच घेऊन टाकतो.

सुखवस्तूंचा आणखी एक छंद म्हणून ह्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु ह्या छंदाला आता तत्त्वज्ञानाची वस्त्रे चढविली जात आहेत. हा म्हणे उपभोगवादाचा त्याग. हा म्हणे गांधींच्या साधेपणाचा मार्ग. ह्यात म्हणे पर्यावरणाचे रक्षण. आणि खेदाची गोष्ट अशी की, ही भाषा बोलणाऱ्यांत समाजवादी चळवळीचे काही जुने सहानुभूतीदारही आहेत. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, कामगार संघटनांत उमेदीची वर्षे घालविलेले कार्यकर्ते, ह्यांपैकी कित्येकांनी मुरबाडच्या वा कर्जतच्या बाजूला जमिनीचा एखादा तुकडा घेतलेला असतो आणि तिथे विजेविना घालविलेल्या चार दिवसांचे वर्णन ते एखाद्या व्रतासारखे करतात. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सद्हेतूने केलेल्या गोष्टीचाही हिशेब मांडावा लागतो, आणि तो हिशेब त्यांनी मांडलेला नाही.

हिशेबाचे पहिले कलम साधे आहे. अंधाराची निवड फक्त त्यालाच करता येते, ज्याच्या घरी दिव्याचे बटण आहे. ज्याच्या घरी ते नाही त्याचा अंधार हे व्रत नसते. ती त्याच्यावर लादलेली स्थिती असते. एकाच डोंगराच्या एकाच उतारावर हे दोन अंधार शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांपैकी एकाला बाजारात भाव आहे आणि दुसऱ्याची सरकारदरबारी धड नोंदही नाही.

भट्टीवरची झोपडी

फाल्गुनात, वस्तीपासून दूर, विजेविना, उघड्या माळावरच्या झोपडीत राहणारी माणसे पाहायची असतील तर त्यासाठी भाडे भरून डोंगर चढण्याचे कारण नाही. अंबरनाथ, बदलापूर, कल्याण, भिवंडी ह्या भागांतील कोणत्याही वीटभट्टीवर जावे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे आपापल्या वाड्यांमधून निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहासात महिने त्यांचे घर म्हणजे कच्च्या विटांचे गुडघाभर जोते, वर पेंढा, पाचोळा किंवा प्लास्टिकचा कागद. दिवा असलाच तर तो मालकाच्या वा मुकादमाच्या खोलीपुरता. ऊन चढण्याआधी विटा थापून व्हाव्यात म्हणून हे लोक पहाटेच्याही आधी उठतात. माती मळणारा पुरुष, थापणारी बाई आणि वाळलेल्या विटा उलटणारी मुले अशी त्यांची श्रमविभागणी असते. चांदणे त्यांच्याही डोक्यावर असतेच. ते पाहायला उसंत तेवढी नसते.

ही माणसे भट्टीवर येतात ती स्वतंत्र मजूर म्हणून नव्हे. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना घेतलेला बयाणा त्यांच्या डोक्यावर असतो. हंगामभर हातात पडते ती आठवड्याची खर्ची. विटांचा हजारी हिशेब शेवटी होतो, तो मालकाच्या वहीत होतो आणि पुष्कळदा मजुराकडेच काही बाकी काढून संपतो. ती बाकी फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे श्रम बांधून घेणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविलेला आहे. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ मजुराच्या बाजूने स्पष्ट केला. ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना लढल्या. इतके होऊनही बयाण्याची प्रथा मोडलेली नाही, कारण पावसाळ्यातली भूक मोडलेली नाही.

केंद्र सरकारच्या वर्गवारीत महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड ह्या तीन जमाती विशेष दुर्बल गणल्या गेल्या आहेत. त्यांना घर, पाणी, वीज आणि रस्ता देण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पीएम-जनमन' ही योजना जाहीर झाली. योजनेचा हेतू चांगला आहे. पण जे कुटुंब वर्षातला निम्मा काळ भट्टीवर असते, त्याच्या वाडीतल्या दाराला तेवढे दिवस कडी असते. पाहणी करणारा कर्मचारी तेव्हा आला तर त्याला बंद घर दिसणार. आणि भट्टीवरच्या ज्या झोपडीत ते कुटुंब प्रत्यक्ष राहते, ती तर घर म्हणून कोणत्याच कागदावर नाही. म्हणजे जिथे कागद आहे तिथे माणूस नाही आणि जिथे माणूस आहे तिथे कागद नाही.

होळी हा ह्या लोकांचा मोठा सण. शिमग्याला चार दिवस तरी वाडीत जायचे, म्हणून मजूर मालकाकडे खर्च मागतो. तो खर्चही वहीत चढतो. शहरातला माणूस फाल्गुनात जो एकांत विकत घेतो, त्याच फाल्गुनात कातकरी आपल्या माणसांत चार दिवस घालविण्यासाठी कर्ज काढतो. ह्या दोन व्यवहारांना एकाच महिन्यात, एकाच तालुक्यात जागा देणारी अर्थव्यवस्था निसर्गाच्या नियमाने चालत नाही. ती माणसांनी घडविली आहे आणि माणसांना बदलता येईल.

'कोणावर भार नाही' हे खरे काय?

जाळ्याबाहेरच्या घराचे समर्थक म्हणतात, आम्ही सरकारची वीज घेत नाही, नळाचे पाणी घेत नाही. मग आमचा भार कोणावर? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

पहिली गोष्ट जमिनीची. डोंगरउताराची जमीन रिकामी कधीच नव्हती. तिच्यावर ठाकूर आणि कातकरी नाचणी-वरी पिकवीत आले, दळीच्या हक्काने कसत आले, तिथून लाकूडफाटा, कंद आणि मोहाची फुले आणीत आले. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ह्या जिल्ह्यातील पुष्कळ जमीन वनखात्याकडे गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा हक्क तत्त्वतः मान्य झाला, तरी दावे दाखल करणे, पुरावे जोडणे आणि नामंजुरीवर अपील करणे ह्यांत वर्षे जातात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सहजी जाऊ नये म्हणून १९७४ मध्ये कायदे झाले. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेऊ नये असे १९४८ चा कूळकायदा सांगतो. एवढी कुंपणे असूनही डोंगर गुंठ्यागुंठ्याने विकला जातो, तो कसा? दलालाच्या चातुर्याने, कागदोपत्री शेतकरी बनलेल्या गिऱ्हाइकाच्या सोयीने आणि ज्याच्या घरी आजारपण वा लग्न निघाले आहे अशा लहान खातेदाराच्या अगतिकतेने. घेणारा म्हणतो, मी रास्त भाव दिला. भाव रास्त असेलही. पण भुकेच्या दिवसांत केलेल्या विक्रीला मुक्त करार म्हणणे अर्थशास्त्राला शोभत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा. पाणी मुरते ते भेगांतून आणि साठते तेही भेगांतून. होळीनंतर वाडीची विहीर तळ गाठू लागते आणि बायका ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. सुट्टीच्या घराची कूपनलिका ह्याच भेगांमधले पाणी अधिक खोलवरून ओढते. ती सौरपंपावर चालते म्हणून विजेचा भार पडत नाही हे खरे. पण ज्या भेगेतून वाडीचा झरा वाहत होता ती भेग कोणत्या ऊर्जेने कोरडी झाली ह्याने तहानेत काय फरक पडतो? २००९ साली महाराष्ट्राने भूजलाच्या नियमनाचा कायदा केला. भूजल ही जमीनमालकाची खाजगी तिजोरी नव्हे हे त्यामागचे तत्त्व. ते तत्त्व ह्या उतारावर मात्र अजून उतरलेले नाही.

पाण्याची ही कथा एकट्या कूपनलिकेची नाही. बदलापूरजवळचे बारवी धरण १९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने उभारले आणि पुढे त्याची उंची वाढविली; वाढीव उंचीपर्यंत ते २०१९ मध्ये प्रथम भरले. त्याच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्याची शहरे आणि कारखाने चालतात. तोंडली, काचकोली, मोहघर, कोळेवडखळ, जांभघर अशा वस्त्यांची जमीन आणि घरे त्या पाण्याने घेतली, आणि तिथल्या लोकांना पुनर्वसनासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. शहरांना पाणी हवे होते, ते नाकारता येत नाही. पण ज्यांच्या शेतावर हे पाणी उभे राहिले त्यांच्या शेजारच्याच उतारावर आता 'जलाशयाचे दृश्य' ह्या नावाने भूखंडाची किंमत वाढविली जावी, ह्याला काय म्हणावे?

तिसरी गोष्ट 'जाळ्याबाहेर' ह्या शब्दाचीच. छपरावरच्या सौरपट्टीची काच आणि सिलिकॉन हे कोणत्या तरी कारखान्यात, कोणत्या तरी जाळ्यावरच्या विजेनेच वितळलेले असतात. तिथवर जाणारा रस्ता सार्वजनिक, भ्रमणध्वनीचा मनोरा सामाईक, साप चावला तर धाव शासकीय रुग्णालयाकडे. समाजाने निर्माण केलेल्या सर्व सोयी पाठीशी असताना समाजाबाहेर राहण्याचा आव आणणे ह्यात साधेपणा कमी आणि सोय अधिक आहे. फ्रेड हर्श ह्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली अशा वस्तूंचे मर्म सांगितले: काही वस्तूंचे सुख ती दुसऱ्याकडे नसण्यावरच अवलंबून असते. डोंगरातले एकटे घर ही तशी वस्तू. शेजारी दुसरे घर उभे राहिले की पहिल्याचा एकांत संपला. मग पहिला मालक कुंपण वाढवितो आणि त्या कुंपणात वाडीची पाऊलवाट अडकते. एकांत म्हणून जे विकले जाते, तो खरे म्हणजे इतरांना मज्जाव करण्याचा अधिकार असतो.

राहिला रोजगाराचा मुद्दा. 'आमच्यामुळे वाडीतल्या चारजणांना काम मिळते,' असे सांगितले जाते. मिळते, हे खरे. काल ज्या उतारावर त्याचे नाचणीचे शेत होते, तिथेच आज तो राखणदार असतो. मालक आठवड्याने येतो तेव्हा चूल पेटवून, पाणी भरून तो आदबीने बाजूला उभा राहतो. सातबाऱ्यावरून हजेरीपटावर झालेल्या ह्या उतरणीला विकास म्हणावयाचे असेल तर शब्दांचे अर्थच बदलावे लागतील. राज्य सरकारच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी केली आहे. वाडीने आपली जमीन राखून, आपली सहकारी संस्था काढून, आपल्या अटींवर शहरी पाहुणा ठेवला तर त्या रोजगाराचे स्वागतच होईल. तिथे पाहुणा पाहुणाच राहील आणि घरमालक घरमालकच.

छावणीने शिकविलेला धडा

जाळ्याशी जोडले जाणे म्हणजे काय, हे उल्हासनगरइतके कोणत्याही गावाला ठाऊक नसेल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या शेतजमिनींवर लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच छावणीत आणून ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. लांबच लांब बरॅकींत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहिली. त्या माणसांना घराबाहेर पडण्याची हौस नव्हती. त्यांना घरांतून हाकलून काढलेले होते. त्यांच्या लेखी नळ, दिवा, शौचकूप आणि शाळा ह्यांतली एकेक गोष्ट मिळणे म्हणजे ह्या देशाचा नागरिक म्हणून स्वीकारले जाणे होते. आणि ज्यांच्या जमिनी त्या युद्धकाळात गेल्या, त्या भूमिपुत्रांची जखमही भरलेली नाही. नेवाळीच्या धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीचा प्रश्न जून २०१७ मध्ये रस्त्यावर पेटला, तो पाऊणशे वर्षांनी.

छावणीतले हे शहर आणि डोंगरातली ती वाडी ह्यांचे नाते पाण्याने बांधले आहे. मलंगगडाच्या रांगांत उगम पावणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येते. वर ती निर्मळ असते. खाली येईपर्यंत कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचा नाला झालेला असतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या पात्रात चोरून सोडलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो रहिवाशांना रात्री रुग्णालय गाठावे लागले. जो धनिक ह्या खोऱ्याची हवा बिघडविणाऱ्या उद्योगातून नफा मिळवितो, तोच शनिवारी त्या नदीच्या उगमाकडची हवा विकत घेऊ शकतो. जो कामगार तिच्या काठी राहतो त्याला नफाही नाही आणि उगमही नाही. नदी वाचविण्याच्या लढ्यातून सुखवस्तूंचा रस संपतो तो इथेच. प्रत्येकाला स्वतःपुरती स्वच्छ हवा खरेदी करता येऊ लागली की सर्वांच्या हवेसाठी भांडणार कोण?

थोरोच्या फळ्या आणि सिद्धगडचे रान

ह्यावर थोरोचे नाव घेतले जाईल, आणि ते घ्यावेच. हेन्री डेव्हिड थोरोने १८४५ च्या मार्चअखेरीस, म्हणजे वसंताच्या आरंभी, वॉल्डन तळ्याकाठी कुऱ्हाड घेऊन झोपडीसाठी पाइनची झाडे तोडायला सुरुवात केली. जमीन त्याची नव्हती. ती त्याचा मित्र इमर्सन ह्याची होती. भिंतींच्या फळ्याही नव्या नव्हत्या. रेल्वेच्या कामावरील जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची खोपटी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि ती मोडून फळ्या आणल्या. ते मजूर कुटुंब आपले बोचके उचलून चालते झाले. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध एकांतवासाच्या भिंती एका बेघर होणाऱ्या मजुराच्या घरातून आल्या आहेत. हे थोरोने लपविले नाही, स्वतःच लिहून ठेवले. आजचे त्याचे अनुयायी मात्र ते वाचून पुढे जातात.

आणि थोरो त्या झोपडीत नुसता बसला नाही. जुलै १८४६ मध्ये, गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून तो एक रात्र तुरुंगात राहिला. त्यातून निघालेल्या १८४९ च्या निबंधाचे गांधीजींनी ऋण मानले. त्याच्या एकांताला अर्थ आला तो ह्या नकारामुळे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहावयास गेले तेही खेड्यापासून लांब राहण्यासाठी नव्हे, खेड्याच्या मधोमध राहण्यासाठी. ह्या दोघांच्या झोपड्यांची मापे घ्यावयाची आणि त्यांचे हेतू विसरावयाचे, ही अनुकरणाची सोपी तऱ्हा झाली.

पण इतक्या दूर जाण्याचे तरी काय कारण? विजेच्या तारा आणि डोंगरातली झोपडी ह्यांचा एक इतिहास ह्याच खोऱ्यात घडला आहे. कर्जतजवळ भिवपुरी येथे १९२२ पासून टाटांच्या जलविद्युत केंद्रात वीज तयार होऊ लागली. वीज निर्माण करून सुटलेले पाणी उल्हास नदीत येते आणि आज बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतची शहरे त्यावर जगतात. वीज मात्र मनोऱ्यांवरून वाड्यांच्या डोक्यावरून मुंबईकडे गेली. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे तरुण वकील भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने ह्या तारांचे मनोरे पाडले, ते गिरण्या थांबाव्यात आणि साम्राज्याच्या युद्धयंत्रणेला खीळ बसावी म्हणून. तो दस्ता मुरबाडच्या सिद्धगडाच्या रानात राहिला. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मे झाले. त्यांनीही काळोखातले, विजेविना दिवस काढले होते. त्यांचे नाते तिथल्या माणसांशी होते. हिराजी पाटील तर त्याच परिसराचे पुत्र. सिद्धगडच्या रानात चार दिवस निवांत राहून येणाऱ्याने निदान एवढे आठवावे की, त्या रानाने आश्रय दिला तो परिस्थितीशी झुंजणाऱ्यांना.

शोकांतिका पुढेच आहे. ज्या तारा स्वातंत्र्यासाठी तोडल्या, त्या स्वातंत्र्यानंतर वाडीपर्यंत यावयास हव्या होत्या. त्या आल्या कशा? गावातील दहा टक्के घरांत आणि शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत समजावे, अशी व्याख्या सरकारने २००४ पासून केली. त्या व्याख्येनुसार २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लायसांग गावात वीज पोहोचली आणि देशातील शेवटचे गाव उजळल्याची घोषणा झाली. नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी गाव उजेडात, असे हे गणित! घराघराला जोडणी देण्याची 'सौभाग्य' योजना २०१७ मध्ये आली आणि तिने काम केले, हे मान्य केले पाहिजे. पण गावठाणापासून दूरची, वनखात्याच्या हद्दीत अडकलेली, वर्षातून सहा महिने ओस पडणारी वाडी अशा योजनेतून सर्वांत आधी निसटते. जाळ्याबाहेर ती आहे, आणि तिला कोणी विचारलेले नाही.

विश्रांती हा हक्क आहे, माल नव्हे

ह्या सर्वांवर एक खरा प्रश्न उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणसाला निवांतपणा नको काय? हवा, अवश्य हवा. कॅम्प नंबर तीनच्या गाळ्यात दहाबारा तास यंत्रावर वाकलेल्या कारागिराला तर तो इतर कोणाहून अधिक हवा. डोंगर, झाडे, शांत रात्र ही चैन आहे असे समाजवाद कधी म्हणाला नाही. ती सर्वांची गरज आहे, म्हणूनच ती पैसेवाल्यांच्या मक्तेदारीत जाऊ देता कामा नये, असे तो म्हणतो.

ह्याचा धडा इतिहासात आहे. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कामगारांनी कारखाने व्यापले आणि लेओं ब्लूमच्या आघाडी सरकारने चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा ह्यांचे कायदे केले. त्या उन्हाळ्यात सवलतीच्या रेल्वे तिकिटांवर कामगार कुटुंबांनी समुद्र पाहिला. कित्येकांनी तो आयुष्यात प्रथमच पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने भरपगारी सुट्टीचा करार संमत केला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमाने विश्रांती हा हक्क मानला आणि त्याच वर्षी भारताच्या कारखाने कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरवून दिली.

पण ही रजा कोणाला? ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याला. नगावर मजुरी घेणारा, चारसहा यंत्रांच्या गाळ्यात राबणारा, आज ह्या मालकाकडे तर उद्या त्या मालकाकडे जाणारा कारागीर कायद्याच्या चौकटीत बसत नाही. बसू नये अशीच त्याच्या कामाची रचना केलेली असते. ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी पडली ती विजेचा भार आठवड्यावर विभागला जावा म्हणून. कामगाराच्या मुलांची शाळा रविवारी बंद असते हा विचार त्यात नव्हता. कामगाराची विश्रांती विजेच्या जाळ्याच्या सोयीने ठरते, आणि मालकवर्गाची विश्रांती जाळ्याबाहेर जाण्याच्या हौशीने! विषमतेचे चित्र ह्याहून स्पष्ट कोणी काढावे?

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम उघड आहे. विद्युतीकरणाची मोजणी गावाने नव्हे तर वाडी-पाड्यातल्या घराने व्हावी आणि तीत भट्टीवरची हंगामी झोपडीही धरली जावी. बयाण्याच्या वह्या उघडून १९७६ च्या कायद्याखाली त्यांची तपासणी व्हावी आणि पावसाळ्यात वाडीतच काम आणि धान्य मिळावे, म्हणजे बयाणा घेण्याची वेळच येणार नाही. वाडीच्या पाणवठ्याच्या परिसरात खाजगी कूपनलिकांवर बंधन यावे. वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली निघेपर्यंत त्या उतारावरचे जमिनीचे व्यवहार ग्रामसभेच्या संमतीविना होऊ नयेत. नगावर काम करणाऱ्यालाही भरपगारी रजा मिळावी. त्यासाठी मालकांकडून उपकर घेऊन स्वतंत्र निधी उभारता येईल. आणि डोंगरपायथ्याशी सार्वजनिक विश्रांतिगृहे उभी राहावीत, वाड्यांच्या सहकारी संस्थांनी चालविलेली, कामगार कुटुंबाला परवडणारी. ह्यांत अशक्य असे काही नाही. खाजगी सुखासाठी जेवढा कल्पकपणा खर्च होतो त्याचा काही अंश सार्वजनिक सुखासाठी वापरला तरी पुरे.

आणि ज्या सहानुभूतीदारांनी डोंगरात जमीन घेतली आहे त्यांना दोष देऊन दूर लोटण्याचे कारण नाही. त्यांना कामाला लावण्याचे मात्र आहे. शेजारच्या वाडीचे वनहक्क दावे त्यांनी लिहून द्यावेत. आपल्या कूपनलिकेचे पाणी वाडीला खुले करावे. आपल्या राखणदाराच्या झोपडीत दिवा आहे काय, हे ह्या होळीला जातील तेव्हा आधी पाहावे. तो नसेल तर आपला कंदील लावताना त्यांना थोडी लाज वाटावी. चळवळीला त्या लाजेचाही उपयोग आहे.

वाडीत दिवा लागल्यावर ज्याला तो विझवून चांदणे पाहावेसे वाटेल, त्याने खुशाल पाहावे. तोवर डोंगरातला अंधार हा निसर्गाचा ठेवा नव्हे. तो समाजाने केलेला अन्याय आहे आणि त्याचे तिकीट लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.